चैतालीचा पहिला आउट

समज, तुला एका लोखंडी पिंपामागे उकिडवं बसायचं आहे. तोंडावर अख्खा चेहरा झाकणारा मास्क आहे. त्याला पुढून काच आहे, आणि तू श्वास सोडलास की ती आंघोळीनंतरच्या आरशासारखी धुरकट होते. हातात एक बंदूक आहे. घाबरू नको, तिच्यातून रंगाच्या गोळ्या सुटतात. गोळी बोराएवढी, वरून मऊ, आत पातळ रंग. ती अंगावर फुटली की तो माणूस आउट. या खेळाला पेंटबॉल म्हणतात.

आता ऐक. टप्प! पिंपावर काहीतरी आपटलं. समोरच्या टायरांच्या ढिगामागून कुणीतरी तुझ्यावर नेम धरला आहे. छातीत धडधडतंय ना? आणि गंमत अशी की त्याच वेळी हसूही येतंय.

आता थोडं वेगळं समज. तीच जागा, तोच मास्क, तीच बंदूक. पण तुझ्यावर कुणी नेमच धरत नाही. तू उठून उभं राहिलं तरी नाही, मैदानाच्या मधोमध जाऊन हात हलवले तरी नाही. सगळे एकमेकांवर गोळ्या झाडतायत आणि तू मध्ये खांबासारखं उभं. कसं वाटेल?

चैतालीला अगदी तसंच वाटत होतं.

चैताली नाशिकला गंगापूर रोडला राहायची. नुकतीच दहा वर्षांची झाली होती. तिचा दादा जीवन दहावीत, आणि त्याचा मित्र साई खालच्या मजल्यावरचा. बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांमध्ये चैताली सगळ्यात लहान. म्हणून कुठलाही खेळ असला की सुरुवातीलाच ठरायचं, "चैताली कच्चं लिंबू!"

तुलाही माहीत असेल कच्चं लिंबू काय असतं. लहान भावंडाला खेळायला घ्यायचं, पण त्याचं काही मोजायचं नाही. पकडलं तरी त्याच्यावर राज्य नाही. आउट झालं तरी आउट नाही. ऐकायला छानच आहे, नाही का? चैतालीलाही सहा वर्षांची असताना छान वाटायचं. पण एकदा पार्किंगमध्ये क्रिकेट चाललं होतं आणि साईने मारलेला उंच चेंडू तिने धावत जाऊन, स्कूटरला धडकून, तरीही न सोडता पकडला. ती नाचायला लागली. साई बॅट घेऊन तसाच उभा.

"जा ना, आउट झालास!" ती म्हणाली.

"कच्च्या लिंबाचा कॅच धरत नाहीत," साई म्हणाला, आणि त्याने पुढच्या चेंडूसाठी बॅट टेकवली.

त्या दिवसापासून तिला तो शब्द ऐकला की जेवणात खडा लागल्यासारखं व्हायचं. तिला एकच गोष्ट हवी होती. आपलंही मोजलं जावं.

दिवाळीच्या सुट्टीत सटाण्याहून तिची आतेभावंडं आली. दीपमाला चौदा वर्षांची, नेमबाजीत तरबेज. बागेतल्या चिंचा एका दगडात पाडायची. तिचा धाकटा भाऊ ज्ञानेश बारा वर्षांचा, बोलण्यात तरबेज. मागच्या दिवाळीत सटाण्याच्या संघाने नाशिकच्या संघाला क्रिकेटमध्ये हरवलं होतं, आणि ज्ञानेश वर्षभर फोनवर त्याची आठवण करून देत होता. फोन कशासाठीही असो, शेवटी तो म्हणायचाच, "बाकी, क्रिकेट काय म्हणतंय?" त्यामुळे या वेळी जीवनला कसंही करून जिंकायचंच होतं.

चैतालीच्या बाबांनी, म्हणजे प्रफुल्लमामांनी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाडीत कोंबलं. गंगापूर धरणाकडे जाताना इमारती संपून द्राक्षबागा सुरू होतात, तिथे आत एका मोकळ्या जागेत पेंटबॉलचं मैदान होतं. जुने टायर, पिंपं, बांबूला बांधलेली पोती, केबलची मोठी लाकडी रिळं, आणि मधोमध एका काठीला पिवळा झेंडा.

गाडीतच ठरलं. जीवन, साई आणि चैताली नाशिकचे. दीपमाला, ज्ञानेश आणि मामा सटाण्याचे.

"बाबा, तुम्ही तिकडून?" जीवन म्हणाला.

"मी भाच्यांकडूनच खेळणार. तुझ्याकडून खेळलो तर तू मला पुढे ढकलशील," बाबा म्हणाले.

"आणि चैतू कच्चं लिंबू," साई सहज म्हणाला.

"मी नाहीये कच्चं लिंबू! मला दहा पूर्ण झालीयेत. म्हणून तर तिथे खेळायला देतात!"

"अगं, गोळी लागते तेव्हा चिमटा काढल्यासारखं होतं. मग रडत बसशील," जीवन म्हणाला. "दीपा, चालेल ना? हिच्यावर कुणी मारायचं नाही."

"चालेल," दीपमाला म्हणाली. "माझ्यावर मामी रागवायला नको."

चैतालीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मैदानावर कारभारीकाका होते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि आवाज असा की पलीकडच्या बागेतली पाखरं उडावीत. त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं.

"नीट ऐका. मास्क काढायचा नाय. काच धुरकटली, घाम आला, नाक खाजलं, तरी मैदानात मास्क काढायचा नाय. लय घुसमटलं तर हात वर करायचा, मी खेळ थांबवतो. गोळी अंगावर फुटली की आउट. लागून नुसती उडाली, फुटली नाय, तर आउट नाय. आउट झाला की हात वर करायचा, मोठ्यांदा 'आउट' म्हणायचं आणि बाहेर. मी एकटा. मला सगळीकडचं दिसत नाय. म्हणून आपला आउट आपण सांगायचा. रंग पुसून खेळला तर परत इथं पाय ठेवायचा नाय. आणि झेंडा आपल्या रेषेपर्यंत नेला, नायतर समोरचे सगळे आउट केले, की डाव जिंकला. कळलं?"

"कळलं!" सगळे ओरडले. कच्च्या लिंबाबद्दल काकांना कुणी काही सांगितलं नाही.

मैदानावरचे अंगरखे मोठ्या माणसांच्या मापाचे होते. चैतालीने बाह्या चार वेळा दुमडल्या तरी बोटं बाहेर येईनात. अंगरख्याला मागे शिवलेली टोपी पाठीवर पिशवीसारखी लोंबत होती.

शिट्टी वाजली आणि पहिला डाव सुरू झाला.

पेंटबॉल दुरून बघायला सोपा वाटतो. चैतालीने पहिली गोळी ज्ञानेशच्या दिशेने मारली, ती गेली द्राक्षबागेच्या दिशेने. दुसरी तिच्या समोरच्याच टायरवर फुटली आणि तिच्याच काचेवर नारिंगी थेंब उडाले. ते पुसायला गेली तर बाहीने ते आणखी पसरले. बंदूक जड, काच धुरकट, आणि मास्कच्या आत नाक खाजायला लागलेलं. कारभारीकाकांनी नाकाचं नाव उगाच काढलं, असं तिला वाटलं.

तरीही मजा येत होती. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की आपल्या पिंपावर एकही टप्प वाजलेलं नाही. ती उभी राहिली. काही नाही. ती चालत मैदानाच्या मध्यावर गेली.

"चैतू, बाजूले सरक ना!" टायरांमागून ज्ञानेश ओरडला. खेळाच्या भरात त्याच्या तोंडून घरची अहिराणी बाहेर पडायची. "माले जीवनदादा दिखस नही!"

ते ऐकून जीवनच्या डोक्यात एकदम दिवा पेटला. तो धावत आला आणि चैतालीच्या मागे वाकून उभा राहिला.

"चैतू, झेंड्याकडे चाल. हळूहळू. मी मागे आहे."

"दादा, तू माझ्या मागे लपतोयस?"

"लपत नाहीये. डाव आहे तो. चाल!"

"ए लबाडा!" दीपमाला ओरडली. "बहिणीच्या पाठीमागे लपतोस? लाज वाटते का?"

"कच्च्या लिंबाच्या मागे लपू नये असा नियम आहे का?" जीवन ओरडला आणि चैतालीच्या खांद्यावरून बंदूक टेकवून त्याने ज्ञानेशला टिपलंसुद्धा. त्यानंतर बाबा टिपले गेले. ते लाकडी रिळामागे लपले होते, पण रिळापेक्षा पोट मोठं होतं. "आउट, आउट! अरे, पोट मोजता का रे?" असं म्हणत ते हसत बाहेर गेले.

चैताली तशीच चालत झेंड्यापर्यंत गेली, तिने झेंडा उपटला आणि परत आपल्या रेषेवर आणला. दीपमाला बंदूक खाली करून नुसती बघत राहिली.

"जिंकलो!" जीवन आणि साई नाचायला लागले.

"कसले जिंकलात?" दीपमाला तरातरा आली. "कच्च्या लिंबाने आणलेला झेंडा मोजत नाहीत!"

"का नाही?"

"कॅच धरत नाहीत, मग झेंडा कसा धरतात? तुम्हीच सांगितलंत!"

मग जो आरडाओरडा झाला, तो ऐकून कारभारीकाका शिट्टी फुंकत आले. सगळ्यांना मैदानाबाहेर काढून त्यांनी मास्क उतरवायला लावले आणि काय झालं ते विचारलं. सगळे एकदम सांगायला लागले. बाबांनीही पोटाबद्दल तक्रार करून घेतली.

काकांनी सगळं ऐकलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"कच्चं लिंबू आमच्या गल्लीत पण असायचं," ते म्हणाले. "पण इथं नाय. इथं जो मैदानात उतरला, त्याच्यावर नेम धरायचा. पहिला डाव रद्द. आता ही पोरगी खेळणार असंल तर पुरती खेळंल. नायतर माझ्याशेजारी बसून बघंल. पोरी, तू सांग. काय करू?"

सगळे चैतालीकडे बघायला लागले. तिचा चेहरा घामाने भिजला होता आणि कपाळावर मास्कचा लाल वळ उठला होता.

"माझ्यावर नेम धरा," ती म्हणाली.

"लागेल हं चैतू," बाबा म्हणाले.

"लागू दे."

पुढची मंडळी यायच्या आत एक डाव होणार होता. म्हणजे जिंकणं-हरणं सगळं त्याच डावावर. जीवनने चैतालीला बाजूला घेतलं. "हे बघ, आता तुला काही झालं तर आपला एक माणूस कमी होणार. कोपऱ्यातल्या टायरांमागे बस आणि हलू नको."

शिट्टी वाजली.

आणि लगेच टप्प! चैतालीच्या टायरावर, अगदी तिच्या कानाजवळ. ती दचकून खाली बसली आणि मास्कच्या आत तिला मोठ्याने हसू फुटलं. दीपाताईने तिच्यावर नेम धरला होता! खराखुरा!

बाबा या वेळीही सगळ्यात आधी गेले. त्यांनी आडवं पडून लपायचं ठरवलं होतं, पण आडवं पडल्यावर त्यांना लवकर उठता येईना, आणि साईने त्यांना बुटावर टिपलं. मग ज्ञानेशने साईला टिपलं आणि आनंदाने उडी मारली. ती उडी जीवनला सोयीची पडली, कारण ज्ञानेश हवेत असतानाच त्याच्या छातीवर नारिंगी फूल उमटलं.

"आउट," ज्ञानेश हिरमुसून म्हणाला. "उडी मारायला नको होती."

जीवन झेंड्याकडे धावला. चार पावलं गेला असेल नसेल, दीपमालाची गोळी त्याच्या दंडावर फुटली. त्याने हात वर केला. बाहेर जाताजाता तो ओरडला, "चैतू! आता तूच!"

मैदानात दोघीच उरल्या. चैताली टायरांमागे आणि दीपमाला समोरच्या पोत्यांमागे. मध्ये झेंडा.

चैतालीच्या काचेवर इतकी वाफ साचली होती की झेंडा नुसता पिवळा डाग दिसत होता. तिने तोंड मिटून नाकाने हळूहळू श्वास घेतला. थोड्या वेळाने काच कडेने निवळली. तेवढ्यात पोत्यांमागून एक विचित्र आवाज आला, शिंक आल्यासारखा. दीपमालाची गोळी नळीतच फुटली होती आणि बंदुकीतून नुसता रंगाचा फवारा उडत होता.

"आत्ताच व्हायचं होतं का हे!" दीपमाला चिडून बंदूक झटकायला लागली.

चैताली उठली आणि पळत सुटली. पायात येणारा अंगरखा एका हाताने उचलून धरला, बंदूक काखेत दाबली, झेंडा उपटला आणि मागे वळली. बाहेरून जीवन आणि साई बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "पळ चैतू, पळ!"

रेषा समोर दिसायला लागली. आणि मागून काहीतरी मानेखाली लागलं. थप्प.

"लागली!" दीपमाला ओरडली. तिची बंदूक पुन्हा चालू झाली होती.

"नाही लागली!" जीवन ओरडला.

काकांनी शिट्टी फुंकली. "थांब पोरी, आहे तिथंच." ते आले, त्यांनी तिच्या पाठीवरून नजर फिरवली. दोन्ही खांदे बघितले, बाह्या बघितल्या. "रंग दिसत नाय," ते म्हणाले. "लागून उडाली असंल. खेळ चालू."

दीपमालाने मान खाली घातली. "उडाली असेल मग," ती म्हणाली. तिला स्वतःलाही खात्री नव्हती.

रेषा दोन पावलांवर होती. फक्त दोन. जीवनने दोन्ही हात वर करून ठेवले होते, नाचायला तयार.

पण एक गोष्ट फक्त चैतालीलाच कळत होती. पाठीवर लोंबणाऱ्या त्या पिशवीसारख्या टोपीच्या आत काहीतरी गार होतं. ते हळूच वाहत आलं आणि तिच्या मानेला चिकटलं. गोळी टोपीच्या आत पडून तिथेच फुटली होती. बाहेरून टोपी कोरडी होती. कुणाला काही दिसलं नव्हतं, आणि दिसणारही नव्हतं.

तू असतास किंवा असतीस, तर काय केलं असतं? लगेच सांगू नको. जीवनचा तो नाचायला तयार चेहरा आधी डोळ्यांसमोर आण.

चैतालीला तो चेहरा दिसत होता. दोन पावलं टाकली असती तर तिने नाशिकला जिंकून दिलं असतं. सगळ्यांनी तिला उचललं असतं. वर्षभर ज्ञानेशला फोनवर क्रिकेटचं नाव काढता आलं नसतं. मग तिला वाटलं, दीपाताईने पळत्या माणसाच्या मानेवर नेम धरला आणि तो बरोबर लागला. तो मोजायचा नाही? आणि आपल्याला लागूनही आपण आउट नाही, तर मग आपण कोण?

ते कोण, हे तिला चांगलंच माहीत होतं. तेच तर तिला व्हायचं नव्हतं.

तिने झेंडा खाली ठेवला आणि हात वर केला, इतका वर की मोठी बाही घसरून खांद्यापर्यंत गेली.

"आउट!" ती ओरडली. "मी आउट आहे!"

"अगं ए!" जीवन किंचाळला. "काका म्हणाले ना, नाहीये!"

"टोपीच्या आत आहे. बघा काका."

काकांनी टोपी उलटी केली. आत नारिंगी रंगाचं छोटं तळं साचलं होतं. काकांनी एकदा टोपीकडे बघितलं, एकदा चैतालीकडे, आणि मग अशी काही शिट्टी फुंकली की द्राक्षबागेतली पाखरं खरंच उडाली.

"चैताली आउट! सटाण्यानं डाव जिंकला!"

ज्ञानेशने पुन्हा उडी मारली. या वेळी त्याला टिपणारं कुणी नव्हतं. बाबा जोरजोरात टाळ्या वाजवत होते, नेमक्या कुणासाठी ते कळायला मार्ग नव्हता.

मैदानाबाहेर येऊन चैतालीने मास्क काढला. जीवन तिची वाटच बघत होता. त्याचं तोंड लाल झालं होतं.

"हरवलंस आम्हाला!" तो म्हणाला. "दोन पावलं होती, चैतू, दोन! तुझ्यामुळे हरलो आपण!"

"खरंच?" चैताली म्हणाली.

"खरंच म्हणजे काय? तुझ्यामुळेच!"

"साई, तू सांग. माझ्यामुळे हरलो ना?"

"मग काय माझ्यामुळे?" साई वैतागून म्हणाला. "मी तर कधीचा बाहेर होतो!"

चैतालीच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. बक्षीस मिळाल्यावर असतं ना, तसं. जीवन तिच्याकडे बघतच राहिला. हरल्यावर एवढं हसणारं माणूस त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

दीपमाला आली आणि तिने चैतालीच्या मानेवरचा रंग स्वतःच्या बाहीने पुसला. "दुखलं का गं?"

"चिमट्याएवढं. दीपाताई, पळताना कसा धरतेस गं नेम? मला शिकव ना."

"माणूस जिथे आहे तिथे नाही धरायचा. तो जिथे पोचणार असतो, तिथे धरायचा."

तेवढ्यात काकांनी हाक मारली. पुढची मंडळी यायला अजून अवकाश होता, आणखी एक छोटा डाव होऊ शकत होता. बाबांनी तिथल्या तिथे बाकावर बसकण मारली. "मी बास. माझं पोट आता रिळामागेही मावत नाही आणि जमिनीवरही."

"मग आम्ही दोघंच?" ज्ञानेश कुरकुरला. "ते तिघं आणि आम्ही दोघं? असं कुठे असतं का?"

"चैतू, ये लवकर," जीवन बंदुकीत गोळ्या भरत म्हणाला. "या वेळी तू माझ्या डावीकडे. आणि दीपा तुझ्यावर नेम धरणार, तेव्हा नीट वाक. कळलं ना?"

चैतालीने मास्क चढवला. भल्यामोठ्या अंगरख्याच्या बाह्या पुन्हा दुमडल्या, बंदूक उचलली आणि मैदानात उतरली. पण ती जीवनच्या डावीकडे गेली नाही. झेंड्याला वळसा घालून ती सरळ पलीकडे चालत गेली आणि दीपमालाच्या शेजारी, पोत्यांमागे जाऊन बसली. "बाबांच्या जागी मी," ती म्हणाली.

"ए! तू आमच्याकडची आहेस!" जीवन पिंपामागून बाहेर येऊन ओरडला. "चैतू, हे काय? आता आम्ही दोघंच?"

शिट्टी वाजली. जीवन अजून उभाच होता. पिंपाकडे परत पळावं लागणार, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं आणि तो वळला. चैतालीने तोंड मिटून नाकाने श्वास घेतला, काच निवळू दिली, आणि जिथे दादा पोचणार होता, तिथे नेम धरला.